केसपेपर कोणाचा? रुग्णनोंदी सांभाळणाऱ्यांच्या आचारधर्माविषयी

अंधेरी पूर्वेला ज्या इमारतीच्या तळमजल्यावर आमच्या गुरुवर्यांचे चिकित्सालय चौतीस वर्षे चालले, ती इमारत आता पुनर्विकासासाठी रिकामी होत आहे. गुरुवर्य गेल्या वर्षी कैलासवासी झाले. त्यांचे चिरंजीव परदेशी असतात. त्यांनी दूरध्वनीवरून मला सांगितले की खल, वजनकाटे, बरण्या ज्याला उपयोगी पडतील त्याला द्या, ग्रंथ तुम्ही ठेवा आणि कपाटांतील कागद रद्दीत घाला. त्यांचे म्हणणे व्यावहारिक होते. रद्दीवाला आला, दोन्ही पोलादी कपाटे उघडून त्याने आत नजर टाकली, एक पिवळसर कार्ड हातात घेऊन वाकवून पाहिले आणि म्हणाला, "डॉक्टर, हा जाड कागद आहे. याला भाव बरा येईल, पुड्या बांधायला मागणी असते."

त्या कार्डावर एका गृहस्थांच्या मूळव्याधीचा, मद्यपानाचा आणि पत्नीशी असलेल्या बेबनावाचा वृत्तांत गुरुवर्यांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेला होता. मी ते कार्ड त्याच्या हातातून परत घेतले, कपाटाला कुलूप लावले आणि रद्दीवाल्यास रिकाम्या हाताने पाठविले. तेव्हापासून या दोन कपाटांचे करावयाचे काय, हा प्रश्न माझ्यापुढे आहे. आपल्या संघटनेतील अनेक ज्येष्ठ वैद्य आता निवृत्तीच्या वयात आहेत आणि बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत जुन्या इमारती एकामागून एक पाडल्या जात आहेत. तेव्हा हा प्रश्न माझ्या एकट्याचा राहणार नाही, असे वाटून हा लेखनप्रपंच.

आपला केसपेपर वेगळा का?

आधुनिक शास्त्राच्या बाह्यरुग्ण विभागातील कागदावर बहुधा तक्रार, तपासणी, निदान व औषधे एवढेच असते. आपण मात्र दशविध परीक्षा करतो. प्रकृती, सत्त्व, सात्म्य, आहारशक्ती पाहतो. निद्रा, मल, मूत्र, आर्तव, व्यवाय यांविषयी विचारतो. रुग्ण चिंता कशाची करतो, क्रोध कोणावर येतो, हेही हेतू म्हणून लिहून घेतो. पंधरा मिनिटांच्या संभाषणात रुग्ण आपल्याला जे सांगतो ते त्याने घरातही कोणाला सांगितलेले नसते. व्याधीचे मूळ शोधण्यासाठी हे सर्व आवश्यकच आहे. परंतु जितके अधिक लिहिले, तितके अधिक सांभाळण्याचे दायित्व आपल्यावर येते, याचा विचार आपल्या पाठ्यक्रमात मला तरी फारसा शिकविला गेल्याचे आठवत नाही. वैद्यकीय न्यायशास्त्राच्या तासाला व्यावसायिक गुप्तता हा शब्द आला, परीक्षेत दोन गुणांना विचारला गेला आणि तेथेच राहिला.

वास्तविक आपल्या शास्त्रात हा विषय फार आधी आलेला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, शिष्याला अग्निसाक्षीने जो उपदेश केला आहे त्यात आतुराच्या घरी प्रवेश कसा करावा येथपासून त्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत येथपर्यंत स्पष्ट आज्ञा आहे. त्याच उपदेशात आणखी एक आज्ञा आहे : रुग्णाचे आयुष्य क्षीण होत आहे हे कळले तरी, जेथे ते सांगितल्याने रुग्णाला वा इतरांना आघात होईल तेथे ते सांगू नये. या दोन आज्ञा शेजारी-शेजारी वाचल्या म्हणजे आपल्या आजच्या अडचणीचे मूळ ध्यानात येते. पहिली आज्ञा जगापासून लपविण्याची आहे; दुसरी, प्रसंगी रुग्णापासूनही. माझे निरीक्षण असे की, आपण व्यवहारात दुसरी आज्ञा फार ताणली आणि पहिली सैल सोडली. आपल्या दवाखान्यांतील केसपेपर रुग्णासाठी बंद असतो आणि इतर सर्वांसाठी उघडा असतो. हे विधान कठोर वाटेल. म्हणून दोन्ही बाजूंचा माझाच अनुभव सांगतो.

पाण्यात भिजलेली कार्डे

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पावसाची नोंद झाली, हे सर्वांस ठाऊक आहे. मी तेव्हा नुकताच पदवीधर होऊन गुरुवर्यांकडे साहाय्यक म्हणून जात होतो. चिकित्सालयात कमरेइतके पाणी शिरले. ओसरल्यावर पाहिले तो कपाटाचे खालचे तीन खण चिखलाने भरलेले. चूर्णे, गुग्गुळकल्प, आसवांचे खोके सर्व गेले. त्याचे दुःख गुरुवर्यांनी केले नाही. कार्डांचे मात्र केले. कार्डे वाळविलीच पाहिजेत, त्यावाचून जुन्या रुग्णांना औषध कसे देणार, असे ते म्हणाले. बाहेर पाऊस सुरूच होता. तेव्हा मी आणि कंपाउंडर यांनी इमारतीच्या जिन्यात, पहिल्या मजल्यापर्यंत कपडे वाळविण्याच्या दोऱ्या बांधल्या आणि चिमटे लावून कार्डे टांगली. चार दिवस ती तशीच होती.

आम्हांला त्या कामाचा अभिमान वाटत होता, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. जिन्यातून जाणारी-येणारी माणसे थांबून पाहत, हळहळत. त्यांपैकी कोणी तरी वाचतही होते, हे आमच्या मनातही आले नाही. त्याच इमारतीत लग्न होऊन आलेली एक तरुण स्त्री विवाहापूर्वीपासून गुरुवर्यांकडे अपस्मारासाठी येत असे. वेग येऊन चार वर्षे झाली होती. औषध जवळजवळ बंद होत आले होते. सासरी हे ठाऊक नव्हते. पाचव्या दिवशी ठाऊक झाले. त्या घरात काय घडले याचा तपशील येथे देणे हा त्याच चुकीचा दुसरा भाग होईल. ती माहेरी गेली आणि परत आलेली आम्ही पाहिली नाही. गुरुवर्य तिच्या माहेरी जाऊन आले. दार उघडले गेले नाही, एवढेच त्यांनी मला सांगितले. मला ते रागावले नाहीत. परंतु त्या दिवसापासून कपाटाची किल्ली त्यांनी कधी कंपाउंडरच्या वा माझ्या हाती दिली नाही, रोज सकाळी स्वतः उघडली.

महापूर वारंवार येत नाही, असे कोणी म्हणेल. परंतु जिन्यातील दोरी आपण रोज बांधतो. स्वागतकक्षातील मुलगी मोठ्याने नाव पुकारून "सफेद पाण्याचं औषध संपलं का?" असे विचारते, तेव्हा दोरी बांधली जाते. टेबलावर आधीच्या रुग्णाचे कार्ड उताणे पडलेले असताना पुढचा रुग्ण समोर बसतो, तेव्हाही. विम्याचा दावा तपासणारे गृहस्थ दवाखान्यात येतात, गोड बोलून कंपाउंडरला विचारतात की अमुक यांना मधुमेह कधीपासून आहे, आणि तो सरळ कार्ड काढून दाखवितो. रुग्णाने विमा घेताना दिलेले संमतिपत्र त्यांच्याजवळ असू शकते. पण ते दाखवा, असे आपण म्हणतो का? आणि आपल्या समाजातील तो सर्वपरिचित प्रसंग : मुलीचे वडील येतात, जुनी ओळख सांगतात आणि हळूच विचारतात, "डॉक्टर, स्थळ आलंय, मुलगा तुमच्याकडेच येतो म्हणे. तसं काही नाही ना?" येथे "नाही" म्हणणे हेसुद्धा उत्तर आहे, कारण पुढच्या वेळी आपण गप्प बसलो तर त्या गप्प बसण्याचा अर्थ लावला जातो. म्हणून मी सर्वांनाच, निरोगी मुलाविषयी विचारले तरी, एकच सांगतो की कोणाविषयीच बोलत नाही. दोन कुटुंबांनी यामुळे माझ्याकडे येणे सोडले.

सातव्या क्रमांकाचे चूर्ण

आता दुसरी बाजू. स्वतःचे चिकित्सालय सुरू केल्यावर मीही परंपरेप्रमाणे औषधांस क्रमांक दिले होते. कार्डावर "३ व ७, मधातून" एवढेच लिहीत असे. कोणत्या क्रमांकात काय आहे ते एका वहीत होते आणि वही माझ्या खणात. यामागे कारणे दोन. एक, लिहिण्याचा वेळ वाचतो. दुसरे कारण बोलून दाखविण्यास संकोच वाटतो : पाठ बाहेर जाऊ नये. आपल्या जुन्या वैद्यघराण्यांत पाठांची बाडे बापाकडून मुलाकडेच जात, शिष्यालाही अर्धाच पाठ मिळे. म्हणजे गुप्ततेचा संस्कार आपल्याकडे नाही असे नव्हे. तो औषधाला लावला गेला, रुग्णाला नाही.

एका रात्री साडेअकरा वाजता मुलुंडच्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातून दूरध्वनी आला. माझ्याकडील साठीच्या एका गृहस्थांना तेथे दाखल केले होते, मूत्र बंद झाले होते. ड्यूटीवरील तरुण डॉक्टरने विचारले, "यांच्या पिशवीत तुमच्या पुड्या आहेत, त्यांवर ३ आणि ७ लिहिलंय. यात धातू आहेत का?" मी माथेरानला होतो. वही खणात, खणाची किल्ली माझ्याजवळ. सातव्या क्रमांकात रसकल्प नव्हता हे मला खात्रीने आठवत होते. तिसऱ्याचे प्रमाण मी मध्यंतरी बदलले होते आणि तो बदल या रुग्णाच्या आधी झाला की नंतर, हे मला सांगता येईना. पलीकडचा डॉक्टर काही क्षण गप्प राहिला. तो उद्धट नव्हता. "ठीक आहे सर, आम्ही रक्ताची पातळी करून घेतो," एवढेच म्हणाला. रुग्ण पुढे बरा झाला आणि कारण प्रोस्टेटचे निघाले, त्यात माझे पुण्य काही नाही.

असा प्रश्न विचारला जातो याबद्दल आपल्याला राग येतो. परंतु २००४ च्या डिसेंबरात अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पत्रिकेत बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली आणि त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारद वा सोमल आढळले, तेव्हापासून जगभर हा प्रश्न विचारला जाणारच. त्याला उत्तर कागदच देऊ शकतो. येथे एक कायदेशीर बाब लक्षात घ्यावी. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमातील कलम ३३ ईईसी अन्वये, जो वैद्य स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करतो त्याला उत्पादनाच्या परवान्याची अट लागू नाही. ही सवलत आपल्या परंपरेचा मान राखून दिलेली आहे. परंतु तिचा अर्थ असाही होतो की, बाजारातील बाटलीवर घटकद्रव्ये छापलेली असतात आणि आपल्या पुडीवर काहीच नसते. त्या पुडीची जगातील एकमेव नोंद म्हणजे आपला केसपेपर. तोच जर सांकेतिक असेल, तर रुग्णाच्या पोटात काय गेले हे कोणालाही कधीच कळणार नाही. त्या रात्रीनंतर मी क्रमांक बंद केले. पुडीवर आणि रुग्णाला दिलेल्या चिठ्ठीवर औषधाचे नाव व मात्रा लिहितो. पाठ चोरीला गेल्याचे अद्याप तरी ऐकिवात नाही.

न्यायालयाने काय म्हटले?

केसपेपर रुग्णाला द्यावा की नाही, हा वाद आपल्याच मुंबईत सुटलेला आहे. 'रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल' या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली निर्णय दिला. रुग्णाने वा त्याच्या जवळच्या नातेवाइकाने केसपेपरच्या प्रती मागितल्यास त्या देणे रुग्णालयाचे व डॉक्टरांचे कर्तव्य आहे. प्रतीचा खर्च घ्यावा, परंतु गुप्ततेचे कारण पुढे करून नकार देता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. राज्यातील सर्व रुग्णालयांना व डॉक्टरांना तसे परिपत्रक काढण्याचा आदेश कौन्सिलला देण्यात आला. त्यापूर्वी कागद मागणारा रुग्ण म्हणजे न्यायालयात जाणारा रुग्ण, असे समीकरण होते. ते पूर्णपणे गेले आहे असे मी म्हणणार नाही. पुढे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्यात आणि मागणी झाल्यास ७२ तासांत द्याव्यात, अशी तरतूद आली.

हे नियम आधुनिक वैद्यकाचे, आपल्याला काय त्याचे, असे काही वैद्यमित्र म्हणतात. आपली आचारसंहिता भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने १९८२ साली केली. २०२० च्या अधिनियमाने परिषदेच्या जागी राष्ट्रीय आयोग आला आणि २०२३ साली आयोगाचे आचार व नोंदणीविषयक विनियम आले. ते प्रत्येकाने मुळातून वाचावेत. परंतु कोणत्या परिषदेचा नियम कोणाला लागू, या वादात मला फारसे स्वारस्य नाही. न्यायालयाने गुप्ततेविषयी जे सांगितले त्याचे तत्त्व पॅथीनुसार बदलण्याचे कारण दिसत नाही. गुप्तता रुग्णाच्या रक्षणासाठी आहे, त्यामुळे ती त्याच्याच विरुद्ध वापरता येत नाही. ज्यांच्याकडे पंचकर्मासाठी खाटा आहेत त्यांनी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांतील २०२१ ची सुधारणाही पाहावी, तीत रुग्णहक्कांची सनद दिलेली आहे.

नकाराचा मोह केवळ खासगी वैद्यांनाच होतो असे नाही. २०२० च्या जूनमध्ये मुंबईत कोविडचे अहवाल प्रयोगशाळांनी थेट रुग्णास न देता प्रथम महापालिकेस द्यावेत, असा आदेश निघाला होता. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासनास ते धोरण बदलून अहवाल रुग्णास वा कुटुंबीयांस देण्यास सांगितले. खाटांचा तुटवडा होता, गोंधळ टाळावयाचा होता. हेतू वाईट नव्हता. पण त्याच काळात बाधितांची नावे इमारतींच्या व्हॉट्सॲप गटांवर रुग्णाच्या आधी पोहोचत होती, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. रुग्णासाठी बंद, इतरांसाठी उघडे, याचे याहून ठळक उदाहरण मला सुचत नाही.

काही गोष्टी मात्र सांगाव्याच लागतात आणि तेथे गुप्ततेचा आधार घेता येत नाही. क्षयरुग्णाची माहिती शासनास कळविणे मे २०१२ पासून बंधनकारक आहे आणि मार्च २०१८ च्या अधिसूचनेने औषधविक्रेतेही त्यात आले. अल्पवयीनांवरील लैंगिक अत्याचार २०१२ च्या कायद्यानुसार कळवावाच लागतो. न्यायालयाचा आदेश पाळावा लागतो. पोलिसांनी कागद मागितल्यास लेखी मागणी घ्यावी, प्रत ठेवावी, पोच घ्यावी. याउलट, एचआयव्हीची स्थिती उघड करण्यावर २०१७ च्या कायद्याचे निर्बंध आहेत, तर गर्भपाताची दाखल-नोंदवही हा नियमांनीच गुप्त ठरविलेला दस्तऐवज आहे. या बाबतीत स्वतःच्या तारतम्यावर विसंबू नये.

औषधालयांविषयी

या अंकाचे वाचक औषधालयांचे चालकही आहेत, म्हणून थोडे त्यांच्याविषयी. वैद्याने बोलून दाखविलेले नसते ते औषधालयात उघड होते. अमुक वटी व अमुक घृत एकत्र मागणारी स्त्री गर्भधारणेसाठी उपचार घेत आहे, हे काउंटरवरील मुलाला न सांगता कळते. जे आधुनिक औषधेही ठेवतात त्यांना २०१४ पासून अनुसूची एच-१ ची नोंदवही ठेवावी लागते. तीत रुग्णाचे व वैद्याचे नाव, औषध व प्रमाण असते आणि ती तीन वर्षे जपावी लागते. ही नोंदवही निरीक्षकासाठी आहे. कंपनीचा प्रतिनिधी महिन्याच्या अखेरीस येऊन "शेठ, जरा आरसीपीए करून घेतो" म्हणून काउंटरच्या आत शिरतो व चिठ्ठ्या चाळतो, त्याच्यासाठी नाही. कोणता वैद्य कोणती औषधे लिहितो एवढेच त्याला हवे असते, हे खरे; पण चिठ्ठीवर रुग्णाचे नाव असते आणि तो ती मोबाईलवर टिपतो. आयुर्वेदीय कंपन्यांचे प्रतिनिधीही आता हे करू लागले आहेत. त्या मोबदल्यात काय मिळते, हे चालकांनीच स्वतःस विचारावे.

घरपोच सेवेमुळे आणखी एक गोष्ट झाली आहे. रुग्ण चिठ्ठीचे छायाचित्र दुकानाच्या क्रमांकावर पाठवितो. तो मोबाईल मालकाचा असतो, कधी नोकराचा. नोकर सोडून जातो, त्याच्याबरोबर शेकडो चिठ्ठ्या जातात. दुकानाचा मोबाईल दुकानातच राहावा आणि औषध दिल्यावर चित्र पुसावे, एवढी शिस्त पुष्कळ आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत; माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तो आकडा आपल्यासारख्यांसाठी नसेल. परंतु संगणकात घातले म्हणजे सुरक्षित झाले, या समजुतीत कोणी राहू नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची संगणकयंत्रणा सायबर हल्ल्याने बंद पडली आणि कित्येक दिवस हाताने कागद लिहून काम चालवावे लागले. तेथे तज्ज्ञ होते. आपल्याकडे भाचा असतो, जो रविवारी येऊन संगणक दुरुस्त करतो आणि ज्याला सर्व परवलीचे शब्द ठाऊक असतात.

या सर्व प्रकारांत एक समान सूत्र आहे. नोंदी प्रत्यक्ष हाताळणारी व्यक्ती वैद्य नसते. कंपाउंडर, स्वागतिका, काउंटरवरील मुलगा, भाचा. यांपैकी कोणालाही अग्निसाक्षीने उपदेश झालेला नाही आणि कोणतीही परिषद त्यांची नोंदणी करीत नाही. त्यांना आपण पगार किती देतो हेही लक्षात घ्यावे. विम्याच्या चौकशीकर्त्याने पुढे केलेली नोट नाकारण्याचे बळ त्यांच्याकडून अपेक्षिताना आपण त्यांना काय दिले आहे? मी माझ्याकडील दोघांना नोकरीच्या पहिल्या दिवशी समोर बसवून जिन्यातील दोरीची हकीकत सांगतो, नावे व तपशील वगळून. नियमावलीपेक्षा ती त्यांच्या अधिक लक्षात राहते, असा अनुभव आहे.

आपल्या त्रैमासिकाविषयीही, संपादकांची क्षमा मागून, एक शब्द. आपले रुग्णानुभव वाचनीय असतात, मीही ते लिहिले आहेत. परंतु नावाची आद्याक्षरे, वय, उपनगर, व्यवसाय आणि व्याधी इतके दिल्यावर नाव लपविले म्हणता येत नाही. घाटकोपरमधील एका विशिष्ट वयाची संगीतशिक्षिका आणि तिचा श्वित्र, एवढ्यावरून तिची शेजारीण तिला ओळखेल. त्वचाविकारांच्या छायाचित्रांत डोळ्यांवर काळी पट्टी ओढली तरी ओठ व कान ओळखू येतात. रुग्णाची लेखी संमती घेऊन ती संपादकांकडे लेखासोबत द्यावी, आणि संमती मागताना उपचार चालू असलेल्या रुग्णाला नकार देण्यास संकोच वाटतो हेही ध्यानी घ्यावे.

दोन कपाटांचे काय केले?

आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. चिकित्सालयाच्या दारावर व इमारतीच्या फलकावर मी सूचना लावली की, तीन महिन्यांत ज्यांनी आपले वा दिवंगत जवळच्या आप्तांचे कार्ड मागितले, त्यांना ओळख पटवून मूळ कार्डच देण्यात येईल. चाळीसएक माणसे आली. एक गृहस्थ वसईहून आले, वडिलांचे कार्ड घेऊन तेथेच बाकावर बसून वाचू लागले आणि बराच वेळ उठले नाहीत. गेल्या तीन वर्षांत जे रुग्ण येत होते त्यांची कार्डे, तसेच उपचाराच्या वेळी जी बालके होती व अद्याप सज्ञान नाहीत त्यांची कार्डे, मी माझ्याकडे हलविली आहेत. ग्राहक कायद्याखाली तक्रारीची मुदत सर्वसाधारणपणे दोन वर्षांची असली, तरी अज्ञान बालकांच्या बाबतीत ती तशीच मोजली जाईल असे गृहीत धरू नये, असे वकील मित्रांचे मत पडले. उरलेली कार्डे, अंदाजे सहा हजार, यंत्राने बारीक कातरून मगच कागद कारखान्याकडे द्यावयाची आहेत. भाड्याच्या यंत्राचा खर्च रद्दीच्या किमतीहून अधिक येतो. तो मी करीन. परंतु प्रत्येक निवृत्त वैद्याच्या कुटुंबाने तो करावा, ही अपेक्षा रास्त नाही.

म्हणून पुढील सर्वसाधारण सभेसाठी माझा प्रस्ताव असा : संघटनेने असे एक यंत्र घ्यावे, ते सभासदांस फिरते द्यावे आणि कार्डे नष्ट करताना कुटुंबाबाहेरचा एक वैद्य साक्षी म्हणून उपस्थित ठेवून किती कार्डे कोणत्या वर्षांची नष्ट केली याची नोंद करावी. सभासदाने हयातीतच आपल्या नोंदींचा उत्तराधिकारी लेखी नेमावा. अर्ज एका पानाचा पुरे.

एक कार्ड मात्र अद्याप कोणत्याच गठ्ठ्यात गेलेले नाही. त्यावर चिखलाची रेघ आहे आणि वरच्या कोपऱ्यात चिमट्याचा गंजलेला ठसा. त्या बाई आता पन्नाशीकडे आल्या असतील. कातरावे, तर त्यांनी मागितल्यास द्यायला काही उरणार नाही. शोधून पाठवावे, तर पुन्हा कोणत्या घरात कोणाच्या हाती पडेल याची शाश्वती नाही. इमारत सोडण्याची तारीख पुढील महिन्याच्या अखेरची आहे. तोपर्यंत ते बंद लिफाफ्यात, माझ्या खणात आहे. ज्येष्ठ सभासदांपैकी कोणाचे याविषयी काही मत असल्यास त्यांनी मला अवश्य कळवावे.